काझिंत्सी रस्त्यावर दिवसाही जा

मित्रांबरोबर युरोपला जायचं ठरलं की व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दोन याद्या फिरायला लागतात. एक दिवसाची: राजवाडा, चर्च, संग्रहालय, पूल. दुसरी रात्रीची: बार, क्लब, बोटीवरची पार्टी. पहिली यादी इतिहासाची आवड असलेले करतात, दुसरी बाकीचे. प्रत्यक्षात मग निम्मे जण संग्रहालयात पेंगत फिरतात आणि उरलेले निम्मे रात्री दहालाच खोलीवर परततात. बुडापेस्टला निघालेल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, की या दोन याद्या वेगळ्या करूच नका. त्या शहरात रात्री जिथे आपण ग्लास हातात घेऊन बसतो, ती जागा तिथे का आहे, याचं उत्तर त्याच गल्लीत दिवसा मिळतं. ते न बघता परतणं म्हणजे जागेवर अन्याय आहे, आणि आपल्या सहलीवरही.

बुडापेस्टचे 23 जिल्हे आहेत. सातवा एर्झेबेतवारोश. क्षेत्रफळ जेमतेम दोन चौरस किलोमीटर, पण आज युरोपभरातली तरुण पोरं स्वस्त विमानानं शुक्रवारी संध्याकाळी इथेच उतरतात. किराय रस्ता, गोझ्दूची एकात एक उघडणारी अंगणं, काझिंत्सी रस्ता, सगळीकडे पहाटेपर्यंत गर्दी. स्थानिक लोक या भागाला पार्टीचा मोहल्लाच म्हणतात. हाच शहराचा जुना ज्यू मोहल्ला.

सुरुवात दोहान रस्त्यावरच्या सिनगॉगपासून करा. 1854 ते 1859 या काळात बांधलेलं हे सिनगॉग युरोपातलं सर्वांत मोठं. आत सुमारे तीन हजार माणसं बसतात. पिवळ्या-तांबड्या विटांचे पट्टे, दोन घुमटदार मनोरे, मूरिश धाटणीची नक्षी, आणि आत चक्क चर्चमध्ये असतो तसा भव्य ऑर्गन. एकोणिसाव्या शतकातला पेस्टचा ज्यू समाज किती आत्मविश्वासानं या शहरात उभा होता, हे त्या इमारतीकडे बघून कळतं. पुरुषांनी दारात डोकं झाकायचं असतं, टोपी तिथेच मिळते. ज्यूंच्या स्वतंत्र देशासाठी झायोनिस्ट चळवळ उभी करणारा थिओडोर हर्झल 1860 मध्ये जन्मला तो अगदी शेजारच्या घरात. त्या जागी आज संग्रहालय आहे.

पण तिथे खरा वेळ द्यायचा तो बाजूच्या बागेला. ज्यू रीतीप्रमाणे दफनभूमी प्रार्थनास्थळाला लागून नसते. इथे मात्र सिनगॉगच्या अंगणातच कबरी आहेत. मार्च 1944 मध्ये जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या. मे ते जुलै या दोन महिन्यांत हंगेरीच्या खेड्यापाड्यांतून आणि लहान शहरांतून चार लाखांहून अधिक ज्यूंना गाड्यांत कोंबून पाठवलं गेलं, बहुतेकांना ऑशविट्झला. बुडापेस्टच्या ज्यूंसाठी हिवाळ्यात या सातव्या जिल्ह्यात कुंपण घालून घेट्टो उभारला गेला. सुमारे सत्तर हजार माणसं त्या मोजक्या गल्ल्यांत डांबली गेली. जानेवारी 1945 मध्ये सोव्हिएत फौजा पोहोचेपर्यंत भुकेनं, थंडीनं, रोगानं माणसं पटापट मरत होती. प्रेतं बाहेर नेण्याची सोय नव्हती. त्यांतल्या दोन हजारांहून अधिक जणांना इथेच, या अंगणात मूठमाती दिली गेली.

मागच्या बाजूला इम्रे वर्गा या शिल्पकारानं घडवलेला धातूचा विलो वृक्ष आहे. फांद्या खाली झुकलेल्या, आणि त्यांच्या पानापानावर मारल्या गेलेल्यांची नावं कोरलेली. आमच्यातला जो मित्र सहलीभर ‘आता पुढे काय’ एवढंच विचारत होता, तो त्या झाडाशी थबकला. खालच्या फांद्यांवरची नावं एकेक करून वाचू लागला. वाचता येत नव्हती ती अक्षरं जुळवत राहिला. आम्ही त्याला हाक मारली नाही.

आता तिथून पाच-सात मिनिटं चाला, काझिंत्सी रस्ता लागतो. वाटेत त्याच रस्त्यावर 1913 मध्ये बांधलेलं ऑर्थोडॉक्स ज्यूंचं सिनगॉग आहे, तेही बघण्यासारखं. थोडं पुढे ‘सिम्प्ला केर्त’. बुडापेस्टच्या सुप्रसिद्ध रुइन बारचा, म्हणजे पडक्या वाड्यांतल्या बारचा, मूळपुरुष. सुरुवात 2002 मध्ये, दुसऱ्या जागेत. 2004 पासून या पत्त्यावर.

हे बार इथेच का फोफावले? युद्धानंतर या घरांतली कित्येक माणसं परतलीच नाहीत. वाचलेल्यांपैकी अनेकांनी देश सोडला. कम्युनिस्ट राजवटीत घरं सरकारजमा झाली, मोठ्या घरांचे तुकडे पाडले गेले, दुरुस्तीला कुणी वाली उरला नाही. 1989 नंतर इमारती हात बदलू लागल्या. पाडून नवं बांधण्याची वाट बघत कित्येक वाडे रिकामे उभे राहिले. त्या मधल्या काळात काही तरुणांनी ही पडकी अंगणं नाममात्र भाड्यानं घेतली, कुठून कुठून जुन्या खुर्च्या गोळा केल्या आणि उन्हाळ्यापुरते बार काढले. पाडकाम लांबत गेलं, बार टिकले. 2004 मध्ये ‘ओवाश’ नावाची नागरिकांची संघटना हा जुना मोहल्ला पाडू नये म्हणून उभी राहिली. तिच्या लढ्यामुळे आणि काही अंशी या बारमधल्या गजबजीमुळेही, कित्येक वाडे आज शाबूत आहेत. म्हणून या बारना मी उथळ म्हणणार नाही. ज्या अंगणांत मरण आणि नंतर उपेक्षा साचली होती, तिथे माणसं पुन्हा एकत्र बसून हसू लागली ही चांगलीच गोष्ट आहे. माझा आक्षेप ते न जाणता तिथे धुडगूस घालण्याला आहे.

सिम्प्लात शिरल्यावर नजर कुठे ठेवावी कळत नाही. अंगणात एक जुनी ट्राबांट मोटार, छप्पर कापलेली. तिच्यात टेबल टाकून चौघं बसलेले. न्हाणीघरातला टब अर्धा कापून केलेला कोच. भिंतीवर बोटभरही जागा न सोडता लिहिलेली नावं, डोक्यावर वेली आणि रंगीत दिवे, वरच्या मजल्यावर एकाला एक न जुळणारी टेबलं. इथे बियरपेक्षा फ्रोच मागा. फ्रोच म्हणजे वाइनमध्ये सोडा. हंगेरीत हे उन्हाळ्याचं पेय आहे आणि त्याची मापं ठरलेली आहेत. एक डेसिलीटर वाइनला एक सोडा घातला तर त्याचं नाव वेगळं, दोनाला एक घातला तर वेगळं, एकाला दोन घातला तर आणखी वेगळं. बारवाला प्रमाण विचारतो, आणि त्याच प्रमाणात ओतून देतो. एकाला दोनचा ग्लास घेतला तर रात्रभर गप्पा मारता येतात आणि सकाळी डोकंही ठिकाणावर असतं. मित्रांबरोबरच्या रात्रीसाठी याहून शहाणं पेय मला ठाऊक नाही. आमच्यातल्या न पिणाऱ्या मैत्रिणीनं लिंबू-पुदिन्याचं सरबत घेतलं, तिलाही कुणी वेगळं वागवलं नाही.

मध्यरात्रीनंतर भूक लागली की लांगोश शोधा. आंबवलेल्या पिठाची तळलेली मोठी पोळी, वर लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज. शाकाहारी मंडळींची मोठी सोय होते. आणि परत येताना टॅक्सीसाठी ताटकळू नका. सहा नंबरची ट्राम पेस्टच्या मोठ्या वर्तुळरस्त्यावरून रात्रभर धावते. रात्री अडीच-तीनला त्या पिवळ्या ट्राममध्ये कामावरून परतणाऱ्या परिचारिका दिसतात, विद्यार्थी असतात, पेंगणारे पर्यटक असतात. आमच्यातल्या मैत्रिणी त्या ट्रामनं दोघी-दोघी निर्धास्त फिरल्या. शहराचं रात्रीचं जगणं क्लबच्या संख्येपेक्षा अशा ट्रामवरून मोजावं, असं माझं ठाम मत आहे. आपल्या शहरांत रात्रीचं जीवन वाढवा म्हणणारे बार किती वाजेपर्यंत उघडे ठेवायचे यावर हिरिरीनं भांडतात. शेवटच्या लोकलनंतर वेटरनं आणि गिऱ्हाइकानं घरी कसं जायचं, हे क्वचितच कुणी विचारतं.

डॅन्यूबवरचा रात्रीचा फेरफटका बहुतेक सगळे करतात, करावाच. 1849 चा साखळीपूल, 1904 मध्ये पूर्ण झालेलं संसद भवन, दिव्यांनी उजळलेली बुडाची टेकडी, सगळं पाण्यात उतरलेलं असतं. फक्त तो पाण्यावरून नको, काठावरून करा. संसद भवनापासून थोडं दक्षिणेला, पेस्टच्या काठावर, लोखंडाचे साठ जोड बूट मांडून ठेवले आहेत. जान तोगाय आणि ज्युला पाउएर यांनी केलेलं हे स्मारक 2005 मधलं. ॲरो क्रॉस या हंगेरियन फॅसिस्टांनी 1944-45 च्या हिवाळ्यात ज्यूंना या काठावर उभं करून गोळ्या घातल्या, प्रेतं नदीत पडली. बूट मात्र आधी काढून घ्यायचे, कारण ते विकता येत. बायकांचे उंच टाचांचे बूट आहेत, कामगारांचे जाडजूड आहेत, लहान मुलांचेही आहेत. समोरून डीजेच्या बोटी जातात. बोटीवरच्या पोरांना तेवढ्या अंतरावरून, तेवढ्या अंधारात काठावर काय आहे ते दिसणंही शक्य नाही.

या मोहल्ल्यात आजही माणसं राहतात, हे मात्र दिसायला हवं. इथली जुनी घरं आपल्या गिरगावातल्या चाळीसारखी: मधे चौक, चारी बाजूंनी गॅलरी, गॅलरीतच प्रत्येकाचं दार. चौकात कुणी खोकलं तरी चौथ्या मजल्यावर ऐकू जातं. आता अशा घरांतले कित्येक फ्लॅट पर्यटकांना रोजावर दिले जातात. आम्ही उतरलो त्या घरात पहाटे तीनला दुसऱ्या एका टोळक्यानं चौकात गाणी सुरू केली. फरशीवरून बॅगांची चाकं खडखडत होती. दुसऱ्या मजल्यावरचा दिवा लागला, तिसऱ्यावरचा लागला. सकाळी आठला एक वयस्कर बाई, पंचाहत्तरीच्या तरी असतील, गॅलरीतल्या कुंड्यांमधून सिगारेटची थोटकं वेचून एका डब्यात टाकत होत्या. मग त्यांनी त्याच कुंड्यांना पाणी घातलं. त्यांच्या जागी माझी आई असती तर मी काय केलं असतं, हा विचार डोक्यातून जात नाही.

एर्झेबेतवारोशच्या रहिवाशांनी फेब्रुवारी 2018 मध्ये बार मध्यरात्री बंद करावेत का, यावर सार्वमत घडवून आणलं. मतदान फारच कमी झालं, त्यामुळे ते बाद ठरलं. शेजारच्या सहाव्या जिल्ह्यात, तेरेझवारोशमध्ये, सप्टेंबर 2024 मध्ये मतदान झालं ते पर्यटकांना रोजावर फ्लॅट देण्याबद्दल. बंदीच्या बाजूनं कौल आला आणि 2026 च्या सुरुवातीपासून बंदी लागू झाली. ही काही एकट्या बुडापेस्टची गोष्ट नाही. प्रागनं 2024 मध्ये रात्री दहानंतर गाइडबरोबर बारमागून बार फिरवणाऱ्या टोळधाडींना मनाई केली. ॲमस्टरडॅमनं 2023 मध्ये केवळ धिंगाण्यासाठी येणाऱ्या तरुण ब्रिटिश पुरुषांना ‘येऊ नका’ असं जाहिरात करून सांगितलं. आणि हणजूण-वागातोरच्या रहिवाशांना यातलं काहीच समजावून सांगावं लागणार नाही. रात्री दहानंतरच्या आवाजाविरुद्ध ते वर्षानुवर्षं उच्च न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत आहेत. गोव्यात दिल्लीच्या पर्यटकांवर चिडणारा मराठी माणूस युरोपातल्या चौकात स्वतः तसाच वागला, तर त्याच्या चिडण्याला किंमत उरत नाही.

म्हणून बंदी यावी, असं माझं म्हणणं नाही. बार मध्यरात्रीला बंद झाले तर पडके वाडे पुन्हा बिल्डरच्या नजरेत येतील, आणि तिथल्या पोरांची रोजीरोटी जाईल. पण पाहुण्यांच्या हातात बरंच असतं. चौकाच्या घरातला फ्लॅट टाळा, रिसेप्शन असलेलं हॉटेल किंवा हॉस्टेल घ्या. टोळी मोठी असेल तर चार-चारांत विभागा, आठ-दहा मराठी माणसं एकत्र आली की आवाज आपोआप चढतो. आणि गाइडच्या मागे शॉट मारत फिरणाऱ्या सहली घेऊच नका. त्यांत ना गप्पा होतात, ना गाव दिसतं.

राहता राहिलं तिकिटांचं. युरोपातली बहुतेक मंडळी शुक्रवारी येतात आणि रविवारी सकाळी विमानतळ गाठतात. शनिवार हा ज्यूंचा शब्बाथ, त्या दिवशी दोहान रस्त्यावरचं सिनगॉग पर्यटकांना बंद. म्हणजे या मोहल्ल्यात सर्वांत जास्त रात्री जागवणारे लोक नेमके तेवढ्या वेळेत येतात, जेव्हा तिथलं सर्वांत महत्त्वाचं दार लावलेलं असतं. तुम्ही गुरुवारी किंवा त्याआधी पोहोचा, आणि निघायचं ते सोमवारी. रविवारी सकाळी सिम्प्लाच्याच अंगणात शेतकऱ्यांचा बाजार भरतो. आदल्या रात्री जिथे पाय ठेवायला जागा नव्हती तिथे मध, पाव, चीज आणि भाजी घेऊन लोक बसलेले असतात, नि मोहल्ल्यातले रहिवासी पिशव्या घेऊन येतात. जवळच्या एखाद्या बेकरीत फ्लोद्नी मिळतो का बघा: खसखस, अक्रोड, सफरचंद आणि आलुबुखारच्या मुरंब्याचे थर दिलेला ज्यू केक. जड असतो, दोघांत एक पुरतो.