पात्रता सर्वांची, खाट कोणाची?

महाराष्ट्रातील सर्व कुटुंबांना, मग त्यांची शिधापत्रिका कोणत्याही रंगाची असो, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे दरवाजे १ जुलै २०२४ पासून खुले झाले आणि उपचारखर्चाची वार्षिक मर्यादा दीड लाखावरून पाच लाख रुपयांवर गेली. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे आणि तेथून तहसील कचेरीत खेटे घालणाऱ्यांच्या दृष्टीने हा निर्णय निःसंशय स्वागतार्ह होय. गरीब कोण, हे ठरविण्याच्या कटकटीतून शासनाने आपली सुटका करून घेतली. मात्र या सुटकेबरोबर गरीब रुग्णाचीही सुटका झाली काय, हा प्रश्न सातारा-सांगलीच्या संदर्भात तपासून पाहण्यासारखा आहे.

दारिद्र्यरेषा ही अर्थशास्त्राची कल्पना. साताऱ्यात जन्मलेले प्रा. वि. म. दांडेकर आणि त्यांचे सहकारी नीलकंठ रथ यांनी १९७१ साली देशातील दारिद्र्याचा हिशेब मांडला, तेव्हा पोटाला लागणाऱ्या उष्मांकांचा आधार त्यांनी घेतला होता. पुढे ही रेषा कचेऱ्यांच्या हाती गेली आणि प्रत्येक खात्याने आपापली रेषा ओढली. १९९९ साली तिरंगी शिधापत्रिका आल्या, त्यांत वार्षिक पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यास पिवळी, एक लाखापर्यंत केशरी आणि त्यावर शुभ्र अशी विभागणी झाली. अन्नसुरक्षा कायदा लागू करताना ग्रामीण भागासाठी चव्वेचाळीस हजार आणि शहरासाठी एकोणसाठ हजार ही मर्यादा ठरली. धर्मादाय रुग्णालयांतील निर्धन रुग्णाची मर्यादा आणखी निराळी. एकच कुटुंब रेशन दुकानात श्रीमंत आणि रुग्णालयात गरीब ठरावे, किंवा याच्या उलट व्हावे, अशी ही व्यवस्था होती.

त्यातही एक लाखाची ती रेषा जवळजवळ पाव शतक जागची हलली नाही. हिशेब साधा आहे. पतिपत्नी दोघांनी तीनशे रुपये रोजाने वर्षाकाठी दोनशे दिवस शेतमजुरी केली, तर त्यांचे उत्पन्न एक लाख वीस हजार होते. म्हणजे भूमिहीन मजुराचे जोडपे कागदोपत्री दारिद्र्यातून वर आले! प्रत्यक्षात दाखल्यावर रेषेच्या आतला आकडा लिहून घेतला जाई आणि साऱ्यांचे निभावून जाई. ज्याला तो लिहून घेता येत नसे, तो मात्र बाहेर राहत असे. बहुधा तोच खरा गरजू असे.

आपल्या दोन जिल्ह्यांना याहून मोठा फटका जिल्हा हाच घटक धरण्याच्या पद्धतीने बसला. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. सातारा-सांगलीकरांची पाळी ती नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर लागू झाल्यावर आली. पुढे शुभ्र शिधापत्रिका असलेल्या शेतकऱ्यांना सवलत मिळाली, ती मराठवाडा-विदर्भातील चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपुरती. त्या जिल्ह्यांची निकड कोणी नाकारणार नाही. पण माण, खटाव, आटपाडी, जत येथील अवर्षण काय कमी दाहक होते? कृष्णाकाठचा ऊस आणि साखर कारखाने यांच्यामुळे या जिल्ह्यांची सरासरी फुगते आणि त्या सरासरीखाली माणदेश दडपला जातो. जतमधील दहा एकर कोरडवाहू जमिनीचे उत्पन्न वाळव्यातील एक एकर बागायतीची बरोबरी करील, याची खात्री नाही. तरी सातबाऱ्यावर दहा एकरांचा धनी तो मोठाच शेतकरी. २०१७ साली ज्या महात्म्याचे नाव या योजनेला देण्यात आले, त्यांचे मूळ गाव कटगुण हे खटाव तालुक्यातलेच, ही जाता जाता नमूद करण्याजोगी गोष्ट आहे.

आता रेषाच पुसली गेली, तेव्हा हा जुना अन्याय संपला, असे कोणी म्हणेल. पात्रतेपुरता तो संपला, हे मान्य. परंतु वस्तू मर्यादित आणि मागणारे अनेक असतील तेथे निवड टळत नाही. पूर्वी ती तहसील कचेरीत होई, आता ती रुग्णालयाच्या प्रवेशद्वारी होते. रुग्णालय योजनेच्या यादीत आहे काय, आजार मान्य उपचारांच्या यादीत बसतो काय, योजनेसाठीची खाट रिकामी आहे काय, नियोजित शस्त्रक्रियेची पूर्वपरवानगी केव्हा येते, हे प्रश्न पार करताना ज्याच्यापाशी ओळख, वेळ आणि हाताशी पैसा आहे तोच पुढे सरकतो. पाच लाखांचे कवच सुखवस्तू बागायतदारालाही मिळाले, यात वावगे काही नाही. एकाच खाटेसाठी तो आणि मजूर समोरासमोर उभे राहिल्यावर काय होते, हे मात्र पाहिले पाहिजे.

डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय काढल्यापासून मिरजेची ख्याती वैद्यकीय नगरी अशी झाली. साताऱ्याकडील रुग्ण कराडची वाट धरतात. पण जत तालुक्यातील उमदीसारख्या गावापासून मिरज शंभर किलोमीटरहून दूर आहे. उपचार मोफत असले तरी वाटखर्च, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज आणि त्याचे जेवण कोणत्याही यादीत नसते. त्यात सुनेचे नाव माहेरच्या शिधापत्रिकेतून कमी झाले आणि सासरच्या पत्रिकेत अजून चढले नाही, असा प्रकार निघाला, की आरोग्यमित्राचाही नाइलाज होतो.

याहून मोठी उणीव योजनेच्या स्वरूपातच आहे. ती मुख्यतः रुग्णालयात भरती झालेल्याची. मधुमेह, रक्तदाब यांची दरमहाची औषधे आणि निदानापूर्वीच्या तपासण्या यांचा भार कुटुंबावरच पडतो. एखाद्या शस्त्रक्रियेचा खर्च डोळ्यांत भरतो, पण महिन्याकाठी हजार-बाराशे रुपये वर्षानुवर्षे झिरपत राहिले, तर शेळी, दागिना आणि शेवटी जमीन जाते. शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील शुल्क माफ केले, हे योग्यच झाले. परंतु केसपेपर फुकट मिळाला आणि औषध बाहेरून आणावे लागले, तर त्या माफीचा उपयोग काय?

तेव्हा किती कार्डे वाटली, याची जाहिरात शासनाने आता थांबवावी. योजनेतील रुग्णास परत पाठविताना कारण लेखी देण्याची सक्ती प्रत्येक रुग्णालयावर करावी आणि त्या नकारांची तालुकावार गोषवारा-यादी जिल्हा परिषदेपुढे दर तीन महिन्यांनी मांडावी. दर अपुरे आहेत, देयके थकतात, ही खासगी रुग्णालयांची तक्रार जेथे खरी असेल तेथे ती दूर करावी, कारण तिची किंमत अखेर रुग्णच मोजतो. आणि पाच लाखांच्या कवचावर खर्ची पडणाऱ्या पैशातील काही हिस्सा दहिवडी, आटपाडी, जत येथील शासकीय रुग्णालयांत वर्षभर औषधसाठा आणि तज्ज्ञ डॉक्टर राहावेत यासाठी वेगळा काढून ठेवावा. येत्या अर्थसंकल्पात या दोन जिल्ह्यांच्या आमदारांनी निदान एवढी तरतूद मागावी.