योगक्षेम

वर्गांत ‘योगक्षेम’ हा शब्द आला म्हणजे मी मुलांना सांगत असें कीं, जें नाहीं तें मिळविणें हा योग आणि जें मिळालें तें राखणें हा क्षेम. या शब्दाचें मर्म मला मात्र चाकरींतून निवृत्त झाल्यावर, माझ्या भाचीचा मुलगा जर्मनीस शिकावयास गेला तेव्हां कळलें. परमुलखांत विद्यार्थ्यानें निवारा मिळविणें हा त्याचा योग, व आजारीपणाचा विमा उतरणें हा त्याचा क्षेम. पहिल्या कामीं माझी सल्ला नडली. दुसऱ्या कामीं मुलानें ती ऐकली नाहीं, म्हणून निभावलें. ज्यांच्या घरीं अशी तयारी चालली असेल, त्यांच्यासाठीं दोन्ही गोष्टी लिहितों.

तेथें विद्यार्थ्यांचीं वसतिगृहें चालविणाऱ्या ‘श्टुडिरेंडेनवेर्क’ नांवाच्या संस्था आहेत. त्यांची खोली स्वस्त असते. परंतु म्यूनिकसारख्या शहरीं तिच्यासाठीं फार दिवस वाट पाहावी लागते. म्हणून अर्ज होईल तितका लवकर करावा. आम्हीं तो विमानाचें तिकीट काढल्यावर केला! मग एक जाहिरात दिसली. खोली सुरेख, भाडें माफक, मालक परगांवीं. तीन महिन्यांची अनामत पाठवा, किल्ली टपालानें येईल, असा मजकूर होता.

मुलगा म्हणाला, “आजोबा, खोली पाहिल्यावांचून पैसे कसे द्यायचे?”

मीं म्हटलें, “अरे, ऐन थंडींत उघड्यावर राहणार आहेस काय? पाठव.”

पैसे गेले, किल्ली आली नाहीं. ती भाचीची दोन वर्षांची शिल्लक होती. ती मला एका शब्दानें बोलली नाहीं, आणि तेंच अधिक लागलें.

जें मला पूर्वींच ठाऊक असावयास हवें होतें, तें आतां सांगतों. जर्मन कायद्यानें राहत्या घराची अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक घेतां येत नाहीं, आणि तीही तीन समान हप्त्यांनीं देण्याचा भाडेकरूस हक्क आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होतांना. तेव्हां घर न दाखवितां सगळी रक्कम आधींच मागणारा मनुष्य दिसला कीं सावध व्हावें. तसेंच ‘काल्ट’ म्हणजे थंड भाडें आणि ‘वार्म’ म्हणजे ऊबेच्या व इतर खर्चासह भाडें, हा भेद विचारून घ्यावा. राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत नगरकचेरींत नांव नोंदवावें लागतें, व त्यासाठीं घरमालकाचा लेखी दाखला लागतो. जो मालक असा दाखला देण्यास कांकूं करतो, त्याचें घर स्वस्त असलें तरी महागच पडतें.

मुलगा कांहीं दिवस तरुण प्रवाशांच्या उतारगृहांत राहिला. पुढें ‘वेगे’ म्हणजे चारसहा जणांनीं मिळून घेतलेल्या बिऱ्हाडांत त्याला खोली मिळाली. तत्पूर्वीं त्या मंडळींनीं त्याला बोलावून, भांडीं घासतोस का, रात्रीं जागतोस का, अशी चौकशी केली. आपल्याकडील मुलगी पाहण्याचा समारंभच तो! फरक इतकाच कीं, या खेपेस पसंतीची वाट मुलगा पाहत होता.

आतां विम्याविषयीं. मी म्हणत होतों, “प्रवासाचा विमा आहे ना? मग महिना दीडशें यूरोंच्या घरांत जाणारा हा खर्च कशाला?” तिकडील सरकारनें विद्यार्थ्याच्या निर्वाहासाठीं २०२४ सालीं वर्षास ११,९०४ यूरो, म्हणजे महिना ९९२, ही रक्कम ठरविली; तींतून भाडें व विमा जाऊन उरणार काय, अशी मला चिंता. मुलानें समजाविलें कीं, मान्य विम्यावांचून विद्यापीठ नांवच दाखल करीत नाहीं, आणि प्रवासाचा विमा त्या कामीं चालत नाहीं. सार्वजनिक विम्यांतून एकदां सूट घेऊन खासगी विमा पत्करला, तर त्या शिक्षणाच्या काळांत सहसा परत फिरतां येत नाहीं. विद्यार्थ्यांची सवलतही साधारणतः तिसाव्या वर्षापर्यंतच; म्हणून वयानें मोठ्या विद्यार्थ्यानें ही चौकशी निघण्यापूर्वींच करावी.

माघाच्या सुमारास त्याचें आंत्रपुच्छ सुजलें व शस्त्रक्रिया झाली. इस्पितळांत पांच दिवस. त्याच्या खिशांतून दिवसाला १० प्रमाणें ५० यूरो गेले. बाकी सर्व विम्यानें सोसलें. माझें ऐकलें असतें तर काय झालें असतें, याचा विचारही करवत नाहीं.

हा विम्याचा कायदा जर्मनींत बिस्मार्कच्या कारकीर्दींत १८८३ सालीं झाला, तो कामकऱ्यांसाठीं. त्याच सालीं आमच्या आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यास अमेरिकेस गेल्या. १८८६ सालीं त्या पदवीधर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारींत, बावीस वर्षेंही पुरीं होण्यापूर्वीं, पुण्यास क्षयानें वारल्या. विद्येचा योग त्यांनीं साधला. क्षेम मात्र राहिलें नाहीं. मुलें बाहेर पाठवितांना आपण गुणपत्रिका दहादां पाहतों. छप्पर व औषध यांचे कागद एकदां तरी पाहावे.

भाचीचे पैसे मी पेन्शनींतून थोडे थोडे फेडूं पाहतों. ती घेत नाहीं. “मामा, तुम्हीं माझ्या मुलाच्या काळजीनेंच सांगितलेंत ना?” म्हणते. म्हणून टपालाच्या बचतखात्यांत दरमहा कांहीं रक्कम बाजूस टाकतों. मुलाच्या परतीच्या तिकिटास ती उपयोगी पडेल. तें तिकीट मात्र मी त्यालाच काढावयास सांगणार आहें.