बडोद्याचं बिल, मावशीचं 'राहू दे ने' आणि आपला राग

दिवाळीच्या सुट्टीत मी एक पोस्ट लिहिली होती आणि टाकली नाही. शीर्षक होतं, 'बडोद्यात मराठी बोललो म्हणून हॉटेलात लुटलं'. भाषा एकदम कडक. शेअर धडाधड पडले असते, खात्री आहे. अडचण एकच होती. ते खरं नव्हतं.

झालं ते असं. मी बेळगावहून मावशीकडे बडोद्याला गेलो होतो. मावशीला लग्न होऊन तिकडे जाऊन तीस वर्षं झाली. घर जुन्या शहरात, घडियाळी पोळमध्ये. मांडवीपासून चालत जाण्यासारखं. अंबामातेचं देऊळ, अरुंद गल्ल्या, एकाच वेळी समोरासमोर दोन स्कूटर आल्या की एकीने मागे जायचं. मावशी भाजीवाल्याशी गुजरातीत बोलते, देवासमोर मराठीत आणि माझ्याशी दोन्हीची मिसळ करून. एका रात्री म्हणाली, "रोज सेवउसळच खाणार काय? चल ने, आज थाळी खाऊ."

पोळच्या बाहेर थोडं चालून एका हॉटेलात गेलो. नाव सांगत नाही, तक्रार अजून चालू आहे. बाहेर मोठा बोर्ड, 'अनलिमिटेड थाळी ३२०'. आत बसलो. पहिली पोळी गरम आली. दुसरी गार. तिसरीसाठी चार वेळा हात वर केला. फरसाण एकदा वाढलं, परत मागितलं तर संपलं. गोड मागितलं तर वाढपी म्हणाला, "स्वीट एक ही बार." मग बोर्डावर अनलिमिटेड नक्की काय होतं? बहुतेक वाट बघणं. डाळीत गोडापेक्षा पाणी जास्त. टेबल पुसायचं फडकं असं की त्याने पुसल्यावर टेबल जास्त चिकट झालं.

आमचं बोलणं ऐकून गल्ल्यावरच्या मालकाने विचारलं, "महाराष्ट्र से?" मी म्हटलं, "बेलगाम." तो म्हणाला, "वो महाराष्ट्र में ही है ना?" या प्रश्नाचं एका वाक्यात उत्तर मला आजवर देता आलेलं नाही. मी नुसता हसलो.

मग बिल आलं. साध्या कागदावर. दोन थाळ्या ६४० रुपये. सर्व्हिस चार्ज १० टक्के, ६४ रुपये. त्या दोन्हीच्या बेरजेवर जीएसटी ५ टक्के, ३५ रुपये २० पैसे. एकूण ७३९. म्हणजे जेवणावर ९९ रुपये जास्त. जीएसटी घेतला, पण कागदावर जीएसटीचा नंबरच नाही.

मी बोलायला तोंड उघडलं, तर मावशीने टेबलाखालून हात दाबला. "राहू दे ने. आपण बाहेरचे. कशाला माथाकूट?"

बाहेरचे! तीस वर्षं त्याच पोळमध्ये राहणारी बाई, सासरची माणसं गायकवाडांच्या काळापासून बडोद्याची, मुलांच्या शाळा तिथल्या, आधार कार्ड तिथलं, आणि ९९ रुपयांचा प्रश्न आला की बाहेरचे. मी पैसे दिले. घरी आलो, डोकं फिरलेलं होतं, आणि ती पोस्ट लिहिली.

टाकायच्या आधी मला शेजारचं टेबल आठवलं.

तिथे एक गुजराती कुटुंब होतं. काका, काकी, दोन मुली. त्यांनाही तीच गार पोळी, तेच 'स्वीट एक ही बार', तसलंच बिल. काकांनी चष्मा वर करून बिल दोनदा वाचलं, तोंड वाकडं केलं, म्हणाले, "जवा दो ने," आणि पैसे ठेवले.

मावशीचं 'राहू दे ने' आणि काकांचं 'जवा दो ने'. भाषा दोन, वाक्य एकच. काका तर बाहेरचे नव्हते ना? मग ते का गप्प बसले? मालकाने आम्हाला मराठी म्हणून लुटलं नाही. गिऱ्हाईक म्हणून लुटलं. तो सगळ्यांना सारखाच लुटतो, त्या बाबतीत त्याच्याकडे अजिबात भेदभाव नाही.

म्हणून पोस्ट टाकली नाही. आणि म्हणूनच आज आपल्या लोकांना दोन गोष्टी सुनवायच्या आहेत.

पहिली. आपल्याला दोनच गोष्टी येतात, एकतर गप्प बसणं नाहीतर अपमान झाला म्हणून ओरडणं. आई-बाबांची पिढी गप्प बसते. आपण ओरडतो. मोबाईल काढतो, व्हिडिओ करतो, 'भाषेचा अपमान' लिहितो. दोन्हीत एक गोष्ट सारखी आहे. ९९ रुपये मालकाच्या गल्ल्यातच राहतात. उलट ओरडण्यात मालकाचा फायदाच होतो. साधा हिशोबाचा प्रश्न होता, तो दोन समाजांचा झाला. आता त्याच्या बाजूने त्याची माणसं उभी राहणार आणि बिलाबद्दल कोणीच बोलणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त झोंबेल. आपल्याच भागात, आपल्याच माणसाच्या खानावळीत मी शिळा रस्सा खाल्लाय. भिंतीवर महाराजांचा फोटो, बोर्ड मराठीत, मालक 'या या, बसा' म्हणणारा. बिल मागितलं तर "आपल्यात बिल कसलं?" आम्ही पाच जण होतो. रस्त्यावर येऊन शिव्या घातल्या, पण आत कोण बोललं? कोणीच नाही. का? आपला माणूस. म्हणजे परका लुटतो तेव्हा अपमान, आणि आपला लुटतो तेव्हा आपुलकी? मी राज्यशास्त्र शिकतो. हक्क म्हणजे काय यावर परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर लिहितो. पण समोरचा कोण आहे बघून जो बदलतो त्याला हक्क म्हणत नाहीत, त्याला वशिला म्हणतात.

आता कायदा बघू. हे वाचलं नाही तर वरचं सगळं नुसतं भाषण.

सर्व्हिस चार्ज. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलं की हॉटेलने तो आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही लावायचा नाही, आणि दिला नाही म्हणून सेवा नाकारायची नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला प्राधिकरणाची बाजू उचलून धरली. संघटनांनी अपील केलं आहे, पण आज कोणी हॉटेलवाला तुम्हाला 'ये तो कंपल्सरी है' म्हणत असेल तर तो खोटं बोलतोय.

जीएसटी. साध्या हॉटेलात ५ टक्के. पण तो घ्यायचा तर नोंदणी हवी आणि बिलावर पंधरा अक्षर-आकड्यांचा नंबर हवा. पहिले दोन आकडे राज्याचे. गुजरात २४, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, गोवा ३०. नंबर नसेल तर तो कर सरकारकडे जातोय हे कशावरून? काही लहान हॉटेलं कंपोझिशन योजनेत असतात. त्यांनी कर आपल्या खिशातून भरायचा असतो, गिऱ्हाईकाकडून वेगळा घ्यायचाच नसतो.

बिल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे 'आपल्यात बिल कसलं' हे आपुलकीचं वाक्य नाही, कायद्याचा भंग आहे. बोर्डावर 'अनलिमिटेड' लिहून ताटात एकदाच वाढणं हीसुद्धा दिशाभूलच.

एक गोष्ट हॉटेलच्या बाजूचीही सांगतो, नाहीतर तोंडावर पडाल. हॉटेलात बसून पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा जास्त दराने दिली तर ती लूटच, असं आपण धरून चालतो. पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये सांगितलं की हॉटेलात नुसती बाटली विकत नाहीत, बसायची सोय आणि सेवाही देतात, म्हणून छापील किमतीचा नियम तिथे तसाच लागू होत नाही. तेव्हा भांडायचं ते नेमक्या मुद्द्यावर. पोळी गार होती हा मुद्दा वेगळा, नंबर नसलेला कर हा वेगळा. पहिल्यासाठी मालकाला तोंडावर सांगा. दुसऱ्यासाठी कायदा आहे.

आणि सगळ्यात भारी गोष्ट. नवीन कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकता. जेवलात बडोद्यात, तरी तक्रार बेळगावात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं. त्याच्याही आधी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं. आपण मराठीत कागद मिळावा म्हणून एवढं झगडतो, आणि जिथे मराठी चालते त्या नंबरवर किती जणांनी फोन केलाय? हात वर करा.

मग लोक म्हणतात, "अरे, ९९ रुपयांसाठी?" होय. हक्क मागायची सवय मोठ्या प्रश्नापासून लागत नसते. घटनेच्या ३५० व्या कलमाने आपलं गाऱ्हाणं संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत कुठल्याही अधिकाऱ्याकडे देण्याचा हक्क दिलाय. हे कलम आपण भाषणात पाठ म्हणतो. पण हॉटेलच्या गल्ल्यासमोर ज्याच्या तोंडून 'भाऊ, हे काय लावलंय?' एवढं निघत नाही, तो तहसीलदारासमोर ३५० वं कलम काय बोलणार?

दुसरे म्हणतात, "वेटरच्या पोटावर पाय देतोस." मी त्या वाढप्याला विचारलं होतं, हा चार्ज तुम्हाला मिळतो काय? तो म्हणाला, "नहीं भैया, हमको कुछ नहीं मिलता." टीप द्यायची तर त्याच्या हातात द्या. मालकाच्या छापील ओळीवर दया दाखवू नका.

आणि कधी खरंच भाषेवरून वागणूक बदलते का? बदलते. माझ्याबरोबर झालंय, तुमच्यातल्या कित्येकांबरोबर झालं असेल. तेव्हा ती तक्रार भाषेचीच करा, तारीख, वेळ, शब्द सगळं लिहून. म्हणूनच तर प्रत्येक गार पोळीला भाषेचा अपमान म्हणू नका. रोज लांडगा आला ओरडलं की खऱ्या दिवशी कोणी येत नाही.

ज्या बडोद्यात मावशी स्वतःला बाहेरची म्हणते, तिथे मराठी राजाने राज्य गुजरातीतून चालवलं. कायद्याचे शब्द लोकांना कळावेत म्हणून सयाजीरावांनी १९३१ मध्ये 'श्री सयाजीशासनशब्दकल्पतरु' हा अनेक भाषांतला कोश काढला. दाद मागणाऱ्याला त्याच्या शब्दांत दाद मागता यावी, एवढाच त्याचा अर्थ. आणि १ मे १९४९ ते ३१ ऑक्टोबर १९५६ बडोदं आणि बेळगाव एकाच मुंबई राज्यात होतं. त्या साडेसात वर्षांत मावशीचं 'बाहेर' कुठे होतं? हद्दी सरकल्या, माणसं तिथेच आहेत. ग्राहक कायदा तर तुम्ही आतले की बाहेरचे हे विचारतही नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच हॉटेलात गेलो. मोठ्याने बोललो नाही. बिल ठेवलं आणि म्हटलं, सर्व्हिस चार्ज परत द्या, आणि जीएसटी नंबर असलेलं बिल द्या. मालक आधी हसला, मग 'स्टुडंट हो?' म्हणाला, मग मी १९१५ लावला तेव्हा गल्ल्यातून ६४ रुपये काढून दिले. नंबर असलेलं बिल मात्र दिलं नाही. ती तक्रार नोंदवली आहे, अजून उत्तर नाही. मिळालं की सांगीन, नाही मिळालं तरी सांगीन.

घरी येऊन ते ६४ रुपये मावशीसमोर ठेवले. ती बघत राहिली. मग म्हणाली, "गल्लीतल्या त्या दुकानवाल्याने मागल्या महिन्यात मिक्सर बदलून दिला नाही. तो नंबर काय म्हणालास?"

मी सांगितला. तुम्हीही लिहून घ्या, आणि पुढच्या जेवणाचं बिल खिशात कोंबायच्या आधी एकदा वाचा.