रंग नंतर लावा, आधी तारा बदला

मंडळी, पोस्ट लांब आहे. ज्यांची मुलं रविवारी शिडाच्या बोटीवर शिकायला जातात, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडच्या त्या प्रशिक्षणाच्या बोटीबद्दल लिहितोय. संस्थेचं नाव घेत नाही, थळपासून मांडव्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. बोट तीस वर्षांच्या पुढची. सध्या पावसाळ्यासाठी वर ओढून ठेवलीय. मागच्या आठवड्यात सभा झाली. मंजूर काय झालं? रंगकाम, नवीन शीड आणि नारळी पौर्णिमेनंतर उद्घाटनाला मांडव. डोलकाठीला उभं धरणाऱ्या तारा बदलायचा विषय मी काढला, तर उत्तर आलं, "तारा चकाचक आहेत, पुढच्या वर्षी बघू." हे चौथं "पुढच्या वर्षी".

चकाचक? एप्रिलमध्ये मी कापसाचा बोळा घेऊन प्रत्येक तारेवरून फिरवला. डाव्या बाजूच्या खालच्या तारेला, डेकजवळ जिथे ती जाड नळीत दाबून बसवलेली असते तिथे, कापूस अडकला. एक धागा तुटून बाहेर आलाय. फोटो दिलाय, झूम करून बघा. त्या नळीच्या तोंडाशी तांबूस डागही आहे.

ही तार म्हणजे १९ धाग्यांचा पीळ असतो. मध्ये एक, भोवती सहा, त्याभोवती बारा. आपल्याला दिसतात ते बाहेरचे बारा. आतल्या सात धाग्यांचं काय झालंय, ते इथे उभं राहून कोणीच सांगू शकत नाही. मीही नाही आणि सभेत छाती ठोकून बोलणारेही नाहीत.

"स्टेनलेस आहे हो, गंजत नाही," असं एक सन्माननीय सदस्य म्हणाले. अहो, स्टीलच्या डब्यात मीठ किंवा लोणचं ठेवू नये हे आपल्या आजीला कळत होतं. डब्याच्या तळाला बारीक खड्डे पडतात ते तुम्हीही पाहिले असतील. स्टेनलेसवर एक अतिशय पातळ थर असतो, तोच त्याला वाचवतो, आणि तो टिकायला हवेतला प्राणवायू लागतो. दाबून बसवलेल्या नळीच्या आत खारं पाणी शिरतं, हवा पोचत नाही, आणि धातू आतून खाल्ला जातो. बाहेरून पॉलिश मारा, आरसा होईल. आत काय चाललंय ते आरशात दिसत नाही.

दुसरा युक्तिवाद: "बोट वर्षातून वीस वेळा तरी बाहेर जाते का?" नाही जात. पण नांगरावर उभी असताना ती हलत नाही का? भरती-ओहोटी, शेजारून जाणाऱ्या लाँचच्या लाटा, रात्रभर डुलणारी डोलकाठी. तार रोज थोडी थोडी वाकते आणि सरळ होते. पत्रा हाताने मागे-पुढे वाकवून तोडतो ना आपण, तसंच, फक्त सावकाश. म्हणून परदेशातले रिगर लोक तारांचं वय मोजतात, फेऱ्या नाही. १० ते १५ वर्षं हा त्यांचा सर्वसाधारण ठोकताळा, आणि आपल्यासारख्या गरम, खाऱ्या हवेत त्याहून लवकर बघायला हवं. आपल्या बोटीच्या तारा कधी बदलल्या याची नोंदच संस्थेकडे नाही. मी मागितली होती.

मग तडजोड निघाली: "तुटलेली तेवढी एक बदलू." म्हणजे एकाच दिवशी बसवलेल्या, एकाच वाऱ्यात ताणलेल्या तारांपैकी एकीने दम तोडला, बाकीच्या मात्र ठणठणीत? बोटीने दिशा बदलली की वजन एका बाजूच्या तारांवरून दुसऱ्या बाजूच्या तारांवर जातं. ऐन वाऱ्यात त्यातली एक सुटली तर अकरा मीटरची ॲल्युमिनियमची काठी कुठे पडेल? खाली कॉकपिटमध्ये १२-१४ वर्षांची पोरं बसलेली असतात.

सभेत अभिलाष टॉमींचंही नाव निघालं. "एवढा मोठा खलाशी, त्याचीही डोलकाठी मोडलीच ना!" मोडली. २१ सप्टेंबर २०१८, दक्षिण हिंदी महासागर, गोव्यात बांधलेली नवी 'थुरिया'. प्रचंड वादळात बोट आडवी झाली, पाठीच्या कण्याला मार लागला, आणि फ्रेंच 'ओसिरिस' जहाजाने त्यांना उचललं. तेव्हा तिथे वादळ होतं हो! आपण खांदेरीला वळसा घालून संध्याकाळी चहाला परत येतो. त्यांचं उदाहरण आपल्या आळसाला पांघरूण म्हणून वापरू नका. शिवाय तेच टॉमी २०२२ मध्ये जुन्या आराखड्याच्या बोटीतून पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले. म्हणजे मी जुन्या बोटीच्या विरोधात नाही. ही आपली बोट अजून वीस वर्षं चालावी असंच मला वाटतं.

१८ डिसेंबर २०२४ ला 'नीलकमल' बुडाली, तेव्हापासून जो तो लाइफ जॅकेट मोजतोय. मोजायलाच हवीत. पण आमच्या बोटीवर तपासायला आलेल्यांनीही जॅकेटंच मोजली, मान वर करून तारांकडे एकानेही बघितलं नाही. आणि व्यासपीठावर मात्र आपण १६७९ ची खांदेरी आणि आंग्र्यांचं आरमार यावर तास तास बोलतो. आपले कोळी बांधव १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असताना होड्या शाकारतात, दोर बघतात, कुजका दिसला की बदलतात. त्यांना कोणी ठराव करून द्यावा लागत नाही.

मागणी साधी आहे. डोलकाठी खाली उतरवा. सगळ्या तारा, त्यांची टोकं, टर्नबकल, पिना नव्या घाला, नुसती तार नको. ज्या पट्ट्यांना तारा अडकवतात त्या पट्ट्या काढून रंगद्रव्याची चाचणी करा, चिरा असतील तर दिसतील. आणि कोणी "जाड तार घाला, प्रश्नच मिटेल" म्हणालं तर ऐकू नका. वर वजन वाढतं आणि जुन्या पिना बसत नाहीत. मी आणलेला अंदाज रंग आणि मांडवाच्या मंजूर रकमेच्या निम्म्याच्या आसपास आहे. मांडव नसला तरी नारळ वाहता येतो.

रविवारी सकाळी दहाला बोटीपाशी या. विश्वस्तांनाही बोलावलंय. शिडी मी आणतो, कापूसही.