बास्क, खोसा आणि आपली दोन सांत्वने

खोसा भाषेचा विषय निघाला की कोणीतरी जीभ टाळूला लावून 'टक्' असा आवाज काढून दाखवतो. बास्कचा निघाला की युरोपातल्या त्या 'गूढ' भाषेला कोणी गणगोत कसे नाही, याची चर्चा रंगते. जत्रेच्या तंबूत ठेवावे तसे आपण या दोन भाषांना ठेवले आहे. खरे तर खोसातले ते आवाज आपल्यालाही परके नाहीत. हळहळताना आपण चुकचुकतो तो त्यांतला एक, टांगेवाला घोडा हाकताना काढतो तो दुसरा. शेजारच्या खोइखोइ आणि सान लोकांच्या भाषांतून ते खोसात आले आणि तिथे रोजच्या शब्दांची व्यंजने झाले.

भाषाप्रेमी या दोघींची तुलना करतात तीही अशीच. खोसात नामांचे पंधराएक वर्ग आहेत आणि सगळे वाक्य त्यांच्याशी जुळवून घेते. बास्कचे क्रियापद कर्ता, कर्म आणि ज्याला काही दिले तो, अशा तिघांची खूण अंगावर वागवू शकते. हे रंजक आहे. पण आपल्याला झोंबायला हवी ती तुलना निराळी आहे आणि ती आपण टाळतो.

बास्क जाणणारे आठ लाखांच्या आसपास. खोसा मातृभाषा असणारे ऐंशी लाखांहून अधिक. बास्कला अधिकृत दर्जा आहे तो स्पेनच्या बास्क स्वायत्त प्रदेशात आणि नवाराच्या काही भागात. फ्रान्सच्या हद्दीत तो नाही. खोसा मात्र दक्षिण आफ्रिकेच्या 1996 च्या संविधानानुसार साऱ्या देशाची एक अधिकृत भाषा आहे. आता विचारा, गणित आणि विज्ञान शेवटपर्यंत कोणत्या भाषेत शिकता येते? बिल्बाओचे मूल बालवाडीपासून विद्यापीठाच्या पदवीपर्यंत बास्कमध्ये शिकू शकते. ईस्टर्न केपमधल्या बहुतेक मुलांना वर्षानुवर्षे चौथीत पाऊल टाकताच इंग्रजीकडे वळवले जात आले. खोसा उरत आली एका विषयापुरती.

भाषेबद्दल बोलताना आपण दोन सांत्वने कवटाळतो. आमची भाषा प्राचीन आहे, हे पहिले. आमच्या भाषेला सरकारी मान्यता आहे, हे दुसरे. या दोन भाषांचा इतिहास ही दोन्ही सांत्वने मोडीत काढतो.

प्राचीनपणाने भाषा तगती तर बास्कला कसली भीती नव्हती. लॅटिन यायच्या आधीपासून ती तिथे आहे. तरीही आलावा आणि नवारातली गावेच्या गावे स्पॅनिशकडे वळली. फ्रँकोच्या राजवटीत तर तिला शाळा-कचेऱ्यांतून हाकलून दिले होते. त्या काळात, 1940 च्या दशकात, एल्बिरा सिपित्रिया या शिक्षिकेने सान सेबास्तियानमध्ये घरात चोरून बास्क शिकवणी चालवली. 1960 च्या दशकात पालकांनी पदरचे पैसे घालून 'इकास्तोला' म्हणजे बास्क शाळा काढल्या. शाळा आल्या तशी पुस्तके हवी झाली, आणि पुस्तकांसाठी एक लेखी भाषा. 1968 मध्ये बास्क अकादमीने अरांत्साझू इथे कोल्दो मिचेलेना यांच्या आराखड्यावर प्रमाण भाषा ठरवायला घेतली. 'एच' हे अक्षर लिहायचे की नाही यावर वर्षानुवर्षे भांडणे झाली. बोलींचा बळी जातो असा आरोप झाला, आणि तो अगदीच खोटा नव्हता. पण मुलांच्या हाती पुस्तक आले. स्वायत्तता 1979 ची आणि भाषेचा कायदा 1982 चा. म्हणजे शाळा आधी, दर्जा नंतर.

खोसाचा क्रम उलटा. तिच्याकडे काय नव्हते? 1823 मध्ये मिशनऱ्यांचा छापखाना, 1884 मध्ये जाबावू यांचे वृत्तपत्र, 1914 मध्ये म्खायी यांची गाजलेली कथा. मग 1953 चा बांटू शिक्षण कायदा आला. वर्णद्वेषी सरकारने मातृभाषेतून शिक्षण दिले ते काळ्या मुलांना काळ्यांच्या कामापुरतेच शिकवायला. मातृभाषेची शाळा म्हणजे हलकी शाळा, हे समीकरण तिथे सरकारनेच रुजवले. संविधानाने पुढे मातृभाषेतून शिकण्याचा हक्क दिला, पण जिथे ते रास्तपणे शक्य असेल तिथेच. या एका अटीने पळवाट करून दिली. 2017 मध्ये ह्लेझे कुंजू यांनी ऱ्होड्स विद्यापीठात खोसातून पीएचडीचा प्रबंध लिहिला. तिथला असा पहिलाच, म्हणून त्याची बातमी झाली. संविधानाला तेव्हा एकवीस वर्षे उलटली होती. चौथीनंतरही मातृभाषा सोबत ठेवण्याची योजना देशभर सुरू व्हायला 2025 उजाडले.

यावर कोणी म्हणेल, बास्क पालकांनी केले ते खोसा पालकांनी का केले नाही? हा प्रश्न निर्दय आहे. बास्क प्रदेश कारखानदारीने सधन होता. तिथल्या मुलाला स्पॅनिश गल्लीतच मिळत होती, त्यामुळे बास्क शाळेत घालून त्याच्या भाकरीवर गदा येत नव्हती. खोसा आई मुलाला इंग्रजी शाळेत घालते ती भाषेवर राग म्हणून नव्हे. नोकरीचा अर्ज आणि परीक्षेचा कागद इंग्रजीत आहे, हे तिला आपल्यापेक्षा चांगले कळते. दोष द्यायचा तर तो कागद इंग्रजीत ठेवणाऱ्यांना द्या. बास्कचाही विजय पुरा नाही. शाळेत शिकलेले कितीतरी जण रस्त्यावर स्पॅनिशच बोलतात. शाळा पुरेशी नाही. पण शाळेवाचून बाकीचे सारे फोल आहे.

हे सारे आपल्याला लागू आहे, म्हणून लिहितो आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला आणि आपण पेढे वाटले. संथाली 2003 च्या घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आली. आपल्यातल्या काहींची भाषा त्या यादीत आहे, काहींची तिच्या दारात उभी आहे. दर्जा मागू नये असे मी म्हणत नाही. पण तो मिळाला की काम संपले असे मानणाऱ्यांनी एकदा ईस्टर्न केपच्या चौथीच्या वर्गाकडे पाहावे. यंदाच्या भाषा गौरव दिनी व्यासपीठावरच्या पाहुण्यांना भाषेचे वय विचारू नका. आठवीचे विज्ञान या भाषेतून शिकणारी मुले गेल्या वर्षापेक्षा वाढली की घटली, आणि पुढे त्याच भाषेत परीक्षा देऊन त्यांना नोकरी मिळेल का, एवढेच विचारा. उत्तर येईपर्यंत टाळ्या राखून ठेवा.