पोरीचं पोट दिसतं, पोरीची जमीन दिसत नाही



मागच्या बैठकीत आम्ही एक विषय काढला आणि अर्धी बैठक बिड्या ओढायला बाहेर गेली. विषय होता लग्नाआधी दिवस गेलेल्या, नाहीतर लहानपणी लग्न लावून पुढे टाकून दिलेल्या आपल्या पोरींचा. कुणी म्हणालं, "हा जमिनीचा प्रश्न नाही." कुणी म्हणालं, "घरातली गोष्ट घरात ठेवा, संघटनेची बदनामी व्हईल." म्हणून आज लिहितो आहोत. बैठकीतून उठून जाता येतं. पत्रक मात्र घरात कुणीतरी मोठ्याने वाचतंच.

आधी काय घडलं ते सांगतो. नाव-गाव लिहिणार नाही, कुणी विचारूही नये.

सोळा वर्षांची पोर. भाताची झोडणी उरकली तशी घरची सगळी खाली बागायतीत कांद्याच्या लागणीला गेली. तिथे एकाने "लग्न करतो" म्हणून सांगितलं. पुढे आवणीच्या वेळी चिखलात वाकताना आईच्या लक्षात आलं. पंच बसले. दंड कुणाला? पोरीच्या बापाला. खालच्या त्या माणसाला कुणी विचारायलाही गेलं नाही. दंडासाठी बापाने बैल विकला. पोरीला घरात घेईनात, म्हणून ती गुरांच्या वाड्यात निजायची. दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या. आम्हाला कळलं तेव्हा रात्र झाली होती. घोंगडीची डोली करून डांबरी रस्त्यापर्यंत आणली, तिथून जीप. दवाखान्यात केसपेपर काढणाऱ्याने तीनदा विचारलं, "नवऱ्याचं नाव?" पोर भिंतीला धरून उभी. बाळ पावणेदोन किलोचं झालं. जगलं. आज दोघं आमच्या एका साथीच्या आईकडे आहेत. म्हातारी म्हणते, "माझ्या घरात एक भाकर जास्त थापली, त्यात काय मोठं?"

मोठं आहे, आजी. कारण पंचांना, संघटनेला आणि सरकारला जे जमलं नाही ते तू केलंस.

आता म्हणा, हा जमिनीचा प्रश्न नाही! मग पोर खाली का गेली ते सांगा. वरची वरई-नाचणी चार महिने पुरत नाही म्हणून गेली. १९८५ साली भीमाशंकरचं अभयारण्य झालं, तेव्हापासून हिरड्याला, लाकडाला, गुरांना जंगलात जायचं तर गार्डाची भीती. डिंभ्याच्या धरणाने आपली गावं उठवली, पाणी गेलं खाली. त्याच पाण्यावर पिकलेल्या कांद्याला मजूर म्हणून आपल्याच पोरी जातात, आणि शेताच्या बांधावर पालात निजतात. पालाला दार नसतं.

आणि परत आली तेव्हा तिला उभं राहायला जागा का नव्हती? सातबारा बापाच्या नावावर. फॉरेस्टच्या जमिनीच्या यादीत भावाचं नाव. लग्न झालं असतं तर नवऱ्याचं असतं. आपण घोषणा देतो, कसेल त्याची जमीन. आवणी कोण करतं? खुरपणी कोण करतं? मग त्या 'त्याची'त 'तिची' कुठं बसते? सगळ्या गावाला पोरीचं पोट दिसतं, पण तिच्या नावावर वीतभर जमीन नाही हे कुणाला दिसत नाही. जिच्या नावावर खोपटंसुद्धा नाही, तिला हाकलायला एक शब्द पुरतो.

काही साथी म्हणाले, "त्याच्याशीच लग्न लावून टाका, मिटलं." मिटत नाही. पोरीच्या लग्नाचं कायद्याने वय १८. त्याच्या आत लावलं तर लावणारे गुन्हेगार. अठराच्या आतली पोर असेल तर ती हो म्हणाली की नाही हा प्रश्नच नाही, कायदा त्याला बलात्कारच म्हणतो. गडचिरोलीकडच्या देसाईगंजच्या चौकीत १९७२ साली एका आदिवासी पोरीवर पोलिसांनी अत्याचार केला. सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सोडलं, कारण तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या. देशभर बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा १९८३ साली कायदा बदलला. तो कायदा एका आदिवासी पोरीच्या दुःखातून आला आहे. तो वापरायला आपणच लाजणार का?

पोटगीचंही तसंच. कायद्याप्रमाणे मूल लग्नाचं असो की बिनलग्नाचं, बापाकडून पोटगी मागता येते. २००१ सालापर्यंत महिन्याला जास्तीत जास्त ५०० रुपयेच मिळायचे. कमी होते, पण पोटगीने बापाचं नाव कोर्टाच्या कागदावर येतं. दंड मात्र आपण पोरीच्या बापाकडून घेतो आणि त्याचं जेवण करून खातो. साथींनो, त्या जेवणाच्या पंगतीला आपल्यातलेही काही होते. हेही लिहिलंच पाहिजे.

आता सरकारकडे वळू. १९९५ च्या १५ ऑगस्टपासून केंद्र सरकारने गरीब बाळंतिणीला ३०० रुपये द्यायची योजना काढली. अट काय होती, तर बाईचं वय १९ पाहिजे. म्हणजे जिचं अंग अजून भरलं नाही, रक्त कमी, कंबर लहान, जिला बाळंतपणात झटके यायची भीती जास्त, जिचं बाळ अडीच किलोच्या खाली भरायची भीती जास्त, तीच यादीतून बाद झाली! सरकार म्हणेल, लहान वयात लग्न होऊ नये म्हणून अट घातली. छान. पण पोरीने काय योजना वाचून दिवस राहू दिले? अट घालून लग्नं थांबत नाहीत, फक्त लोहाच्या गोळ्यांच्या, दुधाच्या पैशाला पोर मुकते.

सरकारचं दुसरं उत्तर, पुण्याच्या संस्थेत पाठवा. संस्था वाईट असं आम्ही म्हणत नाही. पण आईला भेटायला एसटीचं भाडं परवडत नाही, पोरीला तिथली भाषा परकी, आणि परत आल्यावर गाव म्हणतं, "कुठं होती गं इतके दिवस?" आम्हाला घर इथंच पाहिजे.

"असं घर काढलं तर पोरी बिघडतील." हेही ऐकलं. दवाखाना बांधला म्हणून कुणाला ताप येत नाही. आणि हे घर काही विलायतेतून आणायचं नाही. १८६३ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या राहत्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. दिवस गेलेल्या विधवांनी यावं, बाळंत व्हावं, कुणी नाव विचारणार नाही. तिथल्याच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. १८६८ साली सावित्रीबाई माहेरी नायगावला होत्या. गणेश नावाच्या ब्राह्मण मुलापासून सहा महिने गेलेली सार्जा नावाची महाराची पोर आणि तो, दोघांना गाव मारायला निघालं होतं. सावित्रीबाई मध्ये पडल्या आणि दोघांना वाचवलं. त्यांनी आधी जात, चूक, बदनामी विचारली नाही. १८७७ च्या दुष्काळात त्या आपल्याच जुन्नर तालुक्यात, ओतूरला राबत होत्या. त्यांचे पाय या मातीला लागलेले आहेत. जयंतीला त्यांच्या फोटोला हार घालायचा आणि सार्जा दारात आली की दार लावायचं, हे चालणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या.

सरकारकडे:
१) घोडेगाव आणि जुन्नरच्या सरकारी दवाखान्यांजवळ एकेक घर. शेवटचे दोन महिने आणि बाळंतपणानंतर निदान सहा महिने पोरीला राहणं, जेवण, औषध फुकट. आदिवासी विकास प्रकल्पाने खर्च द्यावा. घर आदिवासी बायांनी चालवावं, दाईला मानधन मिळावं.
२) बाळंतिणीच्या मदतीला वयाची अट नको.
३) केसपेपरवर आईचं नाव पुरेसं धरा. दवाखान्यात नवऱ्याचं नाव विचारून अडवणूक नको.
४) बाळंत झालेल्या पोरीला आश्रमशाळेत परत घ्या.
५) रोजगार हमीचं काम गावातच काढा, आणि कायद्यात आहे ते पाळणाघर कामावर खरंच चालवा.
६) जमीन देताना बाईचं नाव आधी लिहा. एकटी बाई हे स्वतंत्र कुटुंब धरा.

आपल्या गावांकडे:
१) पोरीच्या बापाला दंड बंद. घेतलेला दंड परत.
२) वाळीत टाकणाऱ्या पंचाला संघटनेत जागा नाही.
३) मजुरीला खाली जाताना एकट्या पोरीला पाठवायचं नाही, टोळीबरोबर एक जाणती बाई पाहिजेच.
४) सरकारचं घर होईपर्यंत प्रत्येक गावातून एक दार उघडं ठेवा. कुणाचं ते गावातल्या बायांनी ठरवावं.

त्या म्हातारीच्या घरी गेल्या आठवड्यात आठ जणी जाऊन आल्या. कुणी पायलीभर तांदूळ नेला, कुणी नाचणी, कुणी जुनं लुगडं फाडून दुपटी शिवून नेली. बाप्यांपैकी कुणी गेलं नाही. पुढच्या बैठकीत हाच विषय पहिला घेणार आहोत. बिड्या आधीच ओढून या.

आमची जमीन आमची! त्यात पोरींचीही!