लेखणीची बटाई

‘नोकरीची वाट पाहू नका, स्वतःचा ब्लॉग काढा, पूर्णवेळ लिहा आणि घरबसल्या कमवा,’ असा उपदेश आज लोहा-कंधारच्या सुशिक्षित बेकारांनाही ऐकविला जात आहे. बी.ए., डी.एड. होऊन वर्षानुवर्षे भरतीकडे डोळे लावून बसलेल्या तरुणाला हे स्वप्न भुरळ घालते, यात नवल नाही. वृत्तपत्राचा मालक नको, संपादकाची कात्री नको. लेखक आणि वाचक यांच्यामध्ये कोणीच नाही, असा या उपदेशकांचा दावा आहे. तो साफ खोटा आहे. मालक आहे, फक्त तो लोह्यात दिसत नाही.

हिंदी मजकुरावर जाहिराती लावण्याची सोय गूगलने 2014 मध्ये केली. मराठीची पाळी आली 2018 मध्ये. तोवर मराठी ब्लॉगलेखकाचे श्रम या बाजारात जमेस धरले जात नव्हते. आता धरले जातात, ते कसे? संकेतस्थळावरील जाहिरातीच्या उत्पन्नातील सुमारे 68 टक्के वाटा लेखकाचा, यूट्यूबवर 55 टक्के, असे कंपनी सांगते. निमबटाईने शेत करणाऱ्याला हा वाटा उदार वाटेल. परंतु बटाईदारासमोर खळ्यावर धान्य मोजले तरी जाते. येथे माप कंपनीचे, मोजणारी कंपनी, आणि कोणाचा मजकूर वाचकापुढे आणावयाचा हे ठरविणारीही कंपनीच. उद्या तिने नियम बदलला, तर लोह्याच्या लेखकाने दाद कोणाकडे मागावयाची? तहसील कचेरीत?

याहून गंभीर बाब निराळीच आहे. जाहिरातदार शब्दाचे मोल देत नाही, वाचकाच्या खिशाचे देतो. कर्ज, विमा, सोन्याचा भाव यांवरील लिखाणाला दर बरा मिळतो. सोयाबीन बुडालेल्या शेतकऱ्याच्या पीकविम्याच्या तक्रारीला मिळत नाही, कारण तिच्या वाचकाला विकण्याजोगे फारसे काही नसते. म्हणजे वाचक जितका गरीब, तितकी त्याच्यासाठी लिहिणाऱ्याची मजुरी कमी. पोटासाठी लेखक हळूहळू दुसऱ्या विषयांकडे वळतो, किंवा स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा छापू लागतो. ज्या गुत्तेदाराच्या शुभेच्छांवर महिना निघतो, त्याने केलेल्या रस्त्यावरील खड्डे मग कोण मोजणार? अशा लेखकाला ‘पोटभरू’ म्हणून हिणविणे सोपे आहे. पोट त्यालाही आहे.

निव्वळ लेखणीवर जगणे पूर्वीही साधलेले नाही. ‘मूकनायक’ 31 जानेवारी 1920 रोजी निघाला आणि 1923 मध्ये बंद पडला. लोहा कंधार तालुक्यात होते त्या काळात भाई केशवराव धोंडगे यांनी ‘जयक्रांती’ साप्ताहिक चालविले. त्या पत्राच्या पाठीशी शेतकरी कामगार पक्ष होता, शिक्षणसंस्था होती, वर्गणी देणारा माणूस होता. 1977 मध्ये नांदेडमधून लोकसभेवर गेलेल्या या नेत्याला जाहिरातदाराची मर्जी राखावी लागली नाही, याचे कारण केवळ त्यांच्या स्वभावात शोधणे चूक ठरेल.

येथे पुरोगामी चळवळीलाही जाब विचारला पाहिजे. पूर्णवेळ कार्यकर्ता जगावा म्हणून ती घरोघर वर्गणी मागते, धान्य गोळा करते. परंतु मोर्चाची बातमी मात्र ‘टाका हो भाऊ’ एवढ्यावरच हवी असते. लिहिणे हे श्रम आहेत, हे श्रमिकांच्या संघटनांनाच पटलेले नसेल, तर कॅलिफोर्नियातील कंपनीने ते का मानावे?

1955 च्या श्रमिक पत्रकार कायद्याची जागा आता नव्या संहितांनी घेतली आहे. तेथील व्याख्येत डिजिटल माध्यम आले खरे, परंतु ‘नोकरीत असलेला’ ही अटही आली. स्वतंत्र लेखक बाहेरच राहिला. या संहितांना कामगार संघटनांचा विरोध आहे आणि तो रास्तच आहे. तथापि, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेची सातवी अनुसूची पाहावी. टॅक्सी आणि घरपोच जेवणाच्या कंपन्यांच्या यादीतच ‘आशय व माध्यम सेवा’ अशी नोंद आहे. अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम, कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या 5 टक्क्यांच्या मर्यादेत, त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, असे संहिता सांगते. मग जाहिरातीतला वाटा देणारी कंपनी या नोंदीत धरली जावी आणि तिच्या जमिनीवर राबणारा लेखक कामगार ठरावा, ही मागणी अवास्तव कशी? जेवण पोहोचविणारे तरुण संघटित होत आहेत. लिहिणारा मात्र स्वतःला उद्योजक समजून एकटाच बसला आहे, आणि उपदेशकांना नेमके तेच हवे आहे.

लोह्यातील अशा लेखकांची यादी करून ई-श्रमवर त्यांच्या नोंदीसाठी अर्ज करणे आणि प्रत्येकाच्या पाठीशी वर्षाची वर्गणी भरणारे शंभर वाचक उभे करणे, ही दोन कामे तालुक्यातील कार्यकर्त्यांनी माळेगावच्या यात्रेपूर्वी हाती घ्यावीत.